साडेआठ हजार हात

न्यूयॉर्क शहराच्या सफाई खात्यात १९७७ सालापासून एक कलावंत आहे. तिला पगार नाही. बसायला खात्याच्या कचेरीत जागा आहे, खात्याच्या गाड्या, धक्के आणि चौक्या यांत शिरायची मुभा आहे आणि ‘आर्टिस्ट इन रेसिडेन्स’, म्हणजे खात्याची निवासी कलावंत, असं बिरुद आहे. मर्ल लेडरमन युकलीज हे त्या कलावंताचं नाव. जन्म १९३९चा, अमेरिकेतल्या डेन्व्हरचा, एका ज्यू धर्मगुरूच्या घरातला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कलेवरच्या पुस्तकांत हे नाव आता हमखास येतं. मराठी वाचकाच्या कानावर मात्र ते सहसा पडलेलं नसतं, म्हणून या पुस्तकाचा खटाटोप.

कलावंत समाजासाठी काही करतो म्हटलं की आपल्याला ठरावीक गोष्टी आठवतात. चित्रं विकून देणगी द्यायची, वस्तीतल्या भिंती रंगवायच्या, मुलांना रंगपेट्या वाटून शिबिर घ्यायचं. यात वाईट काहीच नाही, फक्त देणारा कोण आणि घेणारा कोण हे त्यात आधीच ठरलेलं असतं. कलावंताचा हात वर, बाकीच्यांचा खाली. युकलीज यांनी इथेच मेख मारली. सेवा रोज चालूच आहे, आपण सगळे ती फुकटात पदरात पाडून घेतो आहोत आणि करणाऱ्याकडे बघतही नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कलावंताने सेवा करायचीच असेल तर ती या सेवा करणाऱ्यांची करावी. आणि ती कशी करायची याचं त्यांनी काढलेलं उत्तर इतकं विचित्र होतं, की पहिली काही वर्षं ते कुणी गांभीर्याने घेतलं नाही.

सुरुवात कचऱ्यापासून झाली नाही, घरापासून झाली. युकलीज शिल्पकलेच्या वाटेवर होत्या. गरोदर असल्याचं दिसू लागलं तेव्हा त्यांच्या एका शिक्षकाने, आता काही तुला कलावंत होता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. १९६८मध्ये मूल झालं. मग दूध, लंगोट, धुणं, भांडी. अर्धा दिवस आई आणि अर्धा दिवस कलावंत अशी कसरत. जॅक्सन पोलॉक किंवा मार्सेल द्यूशाँ या त्यांच्या आदर्शांपैकी कुणी बाळाचे लंगोट बदलल्याचं कलेतिहासात नोंदलेलं नव्हतं. १९६९मध्ये, थंड डोक्याच्या रागाने, एका बैठकीत त्यांनी चार पानी जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा: जगातली कामं दोन जातींची. एक नवं काही घडवायचं, गाजवायचं, पुढे जायचं काम. दुसरं, जे आहे ते टिकवायचं, पुसायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा पुन्हा करायचं काम. पहिल्याला मान, दुसऱ्याला कंटाळा आणि कमी पैसे. आधुनिक कला स्वतःला पहिल्या जातीची समजते, पण दुसरीच्या जिवावर उभी असते. आता मी जे घरात रोज करते तेच कला म्हणून करणार, असं बाईंनी जाहीर करून टाकलं. मला कलावंत म्हणायचा हक्क आहे ना, मग मी जिला कला म्हणेन ती कला. द्यूशाँने मुतारीला शिल्प म्हटलं होतं. युकलीज यांनी त्याच युक्तीने फरशी पुसण्याला कला म्हटलं. मुतारी संग्रहालयात ठेवणारे पुष्कळ असतात. ती रोज घासायची कुणी, हा प्रश्न या बाईंना पडला.

त्या वेळचं वातावरणही लक्षात घ्यायला हवं. १९६८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सफाई कामगारांनी नऊ दिवस संप केला आणि फुटपाथांवर कचऱ्याचे ढीग लागले. त्याच महिन्यात मेम्फिस शहरात काळ्या सफाई कामगारांचा संप सुरू झाला. त्यांना पाठिंबा द्यायला गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. कचरा कोण उचलतो आणि त्याला माणूस म्हणून काय किंमत आहे, हा प्रश्न अमेरिकेत तेव्हा रस्त्यावर आलेला होता. कलादालनांपर्यंत तो पोचला नव्हता.

जाहीरनाम्यासोबत एका प्रदर्शनाचा प्रस्तावही होता. त्यात कलावंत नवरा-मुलासह संग्रहालयातच राहायला येणार, तिथे झाडलोट करणार, स्वयंपाक करणार. लोकांना ते रोज कसली देखभाल करतात हे विचारलं जाणार. आणि शहरातला कचरा, गढूळ पाणी, घाण हवा दररोज संग्रहालयात आणून ती शुद्ध करायचे प्रयोग होणार. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने तो नाकारला. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आजही आपल्याकडच्या एखाद्या कलादालनाला असं पत्र गेलं तर ते कुठल्या फायलीत जाईल, हे सांगायला नको.

प्रत्यक्ष काम झालं ते १९७३मध्ये, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड इथल्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात. समीक्षक ल्यूसी लिपार्ड यांनी स्त्री कलावंतांचं एक फिरतं प्रदर्शन भरवलं होतं, ते तिथे आलं होतं. युकलीज यांनी बादली, पाणी आणि कापडाचे लंगोट घेतले आणि संग्रहालयाच्या बाहेरच्या पायऱ्या तासन्‌तास धुतल्या. मग आत जाऊन गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय उमटले की पुन्हा पुसली. त्याचे काळे-पांढरे फोटो आता जगप्रसिद्ध आहेत. मला मात्र त्याच आठवड्यात केलेली दुसरी एक कृती जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात या बाईंची हुशारी आणि खोडी दोन्ही उघड दिसतात.

संग्रहालयात काचेच्या पेटीत एक इजिप्शियन ममी होती. पेटीची काच रोज पुसायची जबाबदारी सफाई कर्मचाऱ्याची. त्याला कुणी अडवत नव्हतं, कारण काच ही कलावस्तू नव्हे. युकलीज यांनी त्या कर्मचाऱ्याला नेहमीप्रमाणे काच पुसायला सांगितलं. मग तीच काच, तसंच फडकं घेऊन, त्यांनी स्वतः पुसली आणि वर शिक्का मारला: ही मूळ कलाकृती आहे. झालं! आता काचेवरची स्वच्छता हीच कलाकृती ठरली, आणि कलाकृतीला हात लावायचा अधिकार सफाई कर्मचाऱ्याला नाही, तो संग्रहालयाच्या कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जतन-तज्ज्ञाला. तेव्हा पुढची पाळी तज्ज्ञाची. त्याने रीतसर काचेची तपासणी केली, तिच्या स्थितीचा लेखी अहवाल केला आणि मग काच पुसली. काच एक, फडकं एक, हाताची हालचाल एक. पहिल्या वेळी ती मोलमजुरी होती, दुसऱ्या वेळी कला, तिसऱ्या वेळी शास्त्र. पगार आणि प्रतिष्ठा तीन वेळा बदलली, काच मात्र तेवढीच स्वच्छ झाली. कामाच्या प्रतवारीवर एवढं नेमकं भाष्य मी व्याख्यानांत फारसं ऐकलेलं नाही.

इथवर बाई एकट्याच होत्या. १९७६मध्ये त्यांनी इतरांना सामील करून घेतलं. व्हिटनी संग्रहालयाची एक शाखा तेव्हा मॅनहॅटनमधल्या ५५ वॉटर स्ट्रीट या गगनचुंबी इमारतीत होती. त्या इमारतीत दिवसपाळी-रात्रपाळी मिळून देखभालीचं काम करणारे तीनशे लोक होते. पहारेकरी, झाडूवाले, काचा पुसणारे, लिफ्ट चालवणारे. युकलीज यांनी प्रत्येकाला पत्र दिलं. तुमच्या नेहमीच्या कामातला कुठलाही एक तास निवडा आणि तेवढा वेळ आपण कला करतो आहोत असं समजा. काम तेच, वेगळं काही करायचं नाही. मग त्या इमारतीत हिंडत राहिल्या, पोलरॉइड कॅमेऱ्याने एकेकाचा फोटो काढायच्या आणि विचारायच्या: हे आता काय चाललं होतं, काम की कला? तो सांगेल ती चिठ्ठी फोटोला लागायची. असे ७२० फोटो जमले आणि प्रदर्शनात भिंतभर लागले. काय म्हणायचं ते ठरवायचा हक्क त्यांनी फोटोतल्या माणसाला दिला, ही बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. गरिबांचे, कष्टकऱ्यांचे फोटो काढणारे कलावंत उदंड झाले. फोटोखालची ओळ त्या माणसाकडूनच घेणारे किती?

मग एक गंमत झाली. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात समीक्षक डेव्हिड बर्डन यांनी या प्रदर्शनावर लिहिताना सहज टोला मारला, की शहराच्या सफाई खात्यानेही आपल्या कामाला कला म्हणावं, म्हणजे कलेसाठीची सरकारी अनुदानं तरी मिळतील. शहर तेव्हा दिवाळखोरीच्या दारात होतं, १९७५मध्ये सफाई कामगारांची मोठी कपात झाली होती. युकलीज यांनी तो विनोद विनोद म्हणून घेतलाच नाही. कात्रण सफाई आयुक्त अँथनी व्हॅकारेलो यांना पाठवून दिलं. खात्याकडून बोलावणं आलं आणि विचारणा झाली, दहा हजार माणसांबरोबर कला करायला आवडेल का? तेव्हापासून त्या खात्यात आहेत. आपल्याकडे एखाद्या महापालिकेच्या घनकचरा विभागाने समीक्षकाच्या टोमण्यावर कलावंताला बोलावून घेतल्याचं ऐकिवात नाही. इथे त्या अधिकाऱ्यालाही थोडं श्रेय द्यायला हवं.

दीडेक वर्ष खात्याचा कारभार समजून घेतल्यावर त्यांनी जे केलं तेच या बाईंचं सर्वांत मोठं काम: ‘टच सॅनिटेशन’. २४ जुलै १९७९ ते २६ जून १९८०. शहराचे ५९ विभाग आणि खात्यातले सुमारे साडेआठ हजार कामगार. यातल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटायचं, समोर उभं राहून हातात हात घ्यायचा आणि न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानायचे. बस्स, इतकंच. पहाटेच्या हजेरीला चौकीवर जायचं, पाळीवर निघणाऱ्यांना योजना समजावून सांगायची, मग गाडीमागून त्यांच्याबरोबर रस्त्यांवर चालायचं. डबे उचलून गाडीच्या मागच्या तोंडात रिकामे करताना कंबर कशी वळते, पाय कुठे रोवतात, हे बघून त्या हालचाली करून बघायच्या. दुपारी त्यांच्याबरोबर जेवायचं. रात्रपाळीला रात्री जायचं. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, टिपून ठेवायचं. झालेल्या हस्तांदोलनांची खूण शहराच्या नकाशावर करायची.

सुरुवातीला कामगारांना ही बया कोण, असंच वाटलं असणार. साहेबाने पाठवलेली हेर? वर्तमानपत्रवाली? पण ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चौकीवर दिसली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. बातमी खात्यात पसरत गेली. लोक बोलू लागले. आणि जे बोलले त्यात कचऱ्याच्या वासाबद्दल कमी, माणसांबद्दल जास्त होतं. रस्त्यावरून जाणारे आपल्याला बघतच नाहीत, किंवा बघितलं तर आपणच कचरा आहोत असं बघतात, ही तक्रार पुन्हा पुन्हा आली.

त्यातली एक हकिगत युकलीज यांनी आयुष्यभर सांगितली आहे. एका कामगाराने त्यांना सांगितलं, की सतरा वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या एका उकाड्याच्या दिवशी एका बाईच्या घरचा कचरा भरून तो आणि त्याचा जोडीदार तिच्याच पायऱ्यांवर जरा टेकले होते. बाई दार उघडून बाहेर आली आणि ओरडली, उठा इथून, माझ्या ओट्याला वास लावू नका. ते शब्द सतरा वर्षं त्याच्या घशात अडकून होते. आज तुम्ही ते पुसलेत, असं तो युकलीज यांना म्हणाला. चार वर्षांनी, १९८४मध्ये, सोहो भागातल्या मर्सर स्ट्रीटवरच्या रोनाल्ड फेल्डमन यांच्या कलादालनासमोर तसाच ओटा उभा करण्यात आला. दालनाच्या उंच काचांवर सफाई कामगारांना आजवर ऐकाव्या लागलेल्या शिव्या आणि हिणवणारी नावं लिहिली, आणि शहरातल्या निरनिराळ्या थरांतल्या लोकांना बोलावून त्यांच्या हातांनी ती पुसून घेतली. काच पुसण्यापासून निघालेली बाई पुन्हा काच पुसण्यावर आली, पण या वेळी फडकं दुसऱ्यांच्या हाती होतं.

बाकीची कामं मी इथे भरभर सांगतो, कारण ती पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतीलच. १९८३मध्ये कचऱ्याच्या एका गाडीला त्यांनी चारी बाजूंनी आरसे लावले आणि ती मिरवणुकीत आणली. बघ्यांना गाडीत आपलंच तोंड दिसायचं. त्याच वर्षी रस्ते झाडणाऱ्या सहा यंत्रांचा नाच बसवला. पुढे २०१२मध्ये जपानमधल्या तोकामाची या हिमवर्षावाच्या गावात बर्फ हटवणाऱ्या यंत्रांच्या चालकांना घेऊन तसाच एक प्रयोग केला. यातलं सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. यंत्रांचा नाच बघायला झकास, पण टच सॅनिटेशनची धग त्यात नाही. हडसन नदीवरच्या कचरा-धक्क्यात लोकांना आत येऊन सगळा व्यवहार बघता यावा अशी मोठी वास्तू उभारायची त्यांची योजना होती. तिच्यावर कित्येक वर्षं खर्ची पडली आणि ती अर्धवटच राहिली. स्टेटन आयलंडवरचं फ्रेश किल्स हे सुमारे २,२०० एकरांचं कचरा-मैदान १९४८पासून शहराचा कचरा पोटात घेत आलं. मार्च २००१मध्ये ते बंद झालं आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांचा मलबा घ्यायला पुन्हा उघडावं लागलं. आता तिथे उद्यान होतं आहे आणि त्या जागेच्या कलावंत म्हणूनही युकलीज अनेक दशकं काम करत आल्या आहेत. २०१६मध्ये क्वीन्स म्युझियमने त्यांच्या पन्नासेक वर्षांच्या कामाचं सिंहावलोकन भरवलं.

आता थोडं आपल्या बाजूने. मराठी वाचकाला हे वाचताना संत गाडगेबाबा आठवणारच. गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचं, आणि रात्री कीर्तन. त्यांच्या कीर्तनाला आपण कला म्हणत नाही ही आपली सवय. लोकांना प्रश्न-उत्तरांतून बोलतं करण्याची ती शैली कुठल्याही रंगकर्मीला हेवा वाटावा अशी होती. पण बाबांचा खराटा घाण करणाऱ्यांना लाजवायला होता. युकलीज यांचा हात घाण काढणाऱ्यांच्या हातात जातो. दोन्हींची जात वेगळी आहे, त्यांची मोट बांधण्यात अर्थ नाही.

जात हा शब्द आलाच आहे तर त्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. सफाईच्या कामाचे गोडवे गाणं आपल्याकडे नवं नाही. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीवादी भाषेवर डॉ. आंबेडकरांनी कठोर टीका केली आहे. ज्यांना जन्माने हे काम चिकटवलं त्यांना त्याचाच अभिमान बाळगायला शिकवणं, ही त्यांच्या लेखी क्रूर थट्टा होती. मग युकलीज यांचं आभारप्रदर्शन या थट्टेत मोडतं का? हा प्रश्न टाळून हे पुस्तक वाचता येणार नाही. माझं मत सांगतो. न्यूयॉर्कचा सफाई कामगार १९७९मध्येही पालिकेचा कायम नोकर होता, त्याची तगडी संघटना होती, निवृत्तिवेतन होतं. त्याच्याजवळ नव्हता तो मान. मुंबईत हेच काम करणारे हजारो लोक कंत्राटदाराच्या कागदावर ‘स्वयंसेवक’ म्हणूनही नोंदले गेले, कामगार म्हणवून घ्यायलाच त्यांना कोर्टात जावं लागलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या लढ्यात २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये उचलून धरला, तोही वर्षानुवर्षांच्या तारखांनंतर. ज्याला बूट आणि हातमोजे मागून मिळत नाहीत त्याच्याशी हस्तांदोलन करून कलावंताने समाधान मानावं, हे मला पटणार नाही. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचं ‘नरक सफाईची गोष्ट’ किंवा सुधारक ओलवे यांनी टिपलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनाही ते पटणार नाही.

तरीही युकलीज यांना मी त्या गोडव्यांच्या पंगतीत बसवत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. त्यांनी या कामाला पवित्र म्हटलं नाही. कंटाळवाणं, संपता न संपणारं आणि तरीही ज्यावाचून शहर आठवड्यात मरेल असं म्हटलं. स्वतःचं काम आणि त्यांचं काम एकाच पारड्यात घातलं, कारण घरचे लंगोट धुताना त्यांनाही कुणी बघत नव्हतं. सफाई खात्यात तेव्हा गणवेशातली एकही स्त्री नव्हती, पहिल्या आल्या त्या १९८६मध्ये. अशा शुद्ध पुरुषी जगात एक बाई जाऊन सांगते, की तुम्हाला शहर जसं वागवतं तसं घराघरांतून बायकांना वागवलं जातं. ते ऐकून घेतलं गेलं, ही लहान गोष्ट नव्हे. आणि मुख्य म्हणजे त्या टिकल्या. कार्यक्रम उरकून, फोटो काढून निघून गेल्या नाहीत. २०२०मध्ये करोनाने शहर बंद पडलं तेव्हा टाइम्स स्क्वेअरच्या आणि भुयारी रेल्वेच्या पडद्यांवर सेवा देणाऱ्या कामगारांचे आभार मानणारा मजकूर झळकला. तोही याच बाईंचा, वयाच्या ऐंशीनंतरचा.

हे पुस्तक कालक्रमाने लावलं आहे, पण तसंच वाचायला हवं असं नाही. जाहीरनाम्यातल्या वादाची ज्यांना गोडी आहे त्यांनी सुरुवातीपासून जावं, माणसांत रस आहे त्यांनी थेट १९७९वर यावं. आणि हे वाचून कुणा चित्रकाराला, नाटकवाल्याला आपल्या वॉर्डातल्या चौकीवर पहाटे जाऊन हात पुढे करावासा वाटला तर जरूर जावं. फक्त त्याआधी मुकादमाला विचारून घ्यावं, या लोकांचा गेल्या महिन्याचा पगार झाला आहे का. झाला नसेल तर तिथून सुरुवात करावी.